शेंडेफळ

एके काळी थोरल्या भावंडाचा धाकट्याला उपयोग म्हणजे आखूड झालेले कपडे, कव्हरं फाटलेली पुस्तकं आणि शाळेत कुणी अंगावर आलं तर मागे उभं राहायला एक माणूस, एवढाच होता. 'जागर' आला आणि सगळं उलटंपालटं झालं. थोरल्यांचा भाव असा वधारला की विचारायची सोय नाही. लग्नाच्या बैठकीत पत्रिका बाजूला राहिली आणि 'मुलगा कितवा?' हा प्रश्न आधी यायला लागला. पहिला म्हटलं की मुलीकडचे गप्प बसायचे, तिसरा-चौथा म्हटलं की चहाबरोबर काजूही बाहेर यायचे. शेंडेफळांचे दिवस आले होते.

त्यामागची गोष्ट समजायला फार अवघड नाही. मूल पोटात असताना त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात. मूल बाहेर येतं, पेशी मात्र आईच्या अंगात राहून जातात, पुष्कळदा जन्मभर. हे शास्त्रज्ञांना जुनंच माहीत होतं. पुढच्या खेपेला त्यातल्याच काही पेशी त्याच वाटेने उलट्या निघतात आणि पोटातल्या नव्या बाळाच्या अंगात वस्तीला येतात. म्हणजे प्रत्येक धाकट्याच्या हाडामांसात थोरल्याचा चिमूटभर अंश आधीपासून मुक्कामाला असतो. डॉक्टरांनी त्यांना नाव दिलं 'मुक्कामी पेशी'. या पेशी झोपलेल्या असतात. त्यांना उठवून, वाढवून, बिघडलेल्या अवयवात कामाला लावायचं, हा जागर. यकृत बिघडो, रक्त नासो की स्नायू वाळोत, थोरल्याच्या निरोगी पेशी धाकट्याच्या मदतीला येतात, आणि जन्माआधीची ओळख असल्यामुळे शरीर त्यांना परकं मानत नाही. अट एकच. थोरलं भावंड हयात असेल तर त्याची परवानगी लागते. त्या परवानगीपायी किती घरांत थोरल्यांचे उशिरा का होईना लाड सुरू झाले, ती वेगळी गोष्ट.

आणि ज्याला थोरलं कुणीच नाही, त्याला जागर नाही. शर्वरीचा यशोधन असा होता. पहिला आणि एकुलता एक.

सातवीत असताना तो सपाट जमिनीवर अडखळायला लागला. नववीत जिन्याचा कठडा धरून वर चढू लागला, अकरावीत चाकांच्या खुर्चीवर आला. आता एकोणीस सरत होतं आणि पाण्याचा भरलेला पेला उचलायला त्याला दोन्ही हात लागत. झोपताना तोंडावर श्वासाचं यंत्र बसवावं लागे. तासगावकडच्या त्यांच्या गावात या दुखण्याला 'वाळकी' म्हणत. डॉक्टर त्याचं कारण सांगत ते असं : स्नायूच्या धाग्याचं बाहेरचं कवच आतल्या दोरांना बांधून ठेवणारं एक प्रथिन असतं, त्याचं नाव सांधणी. ते कसं बनवायचं याची कृती जनुकात लिहिलेली असते, आणि प्रत्येक माणसाला त्या कृतीच्या दोन प्रती मिळतात, एक आईची, एक बापाची. एक प्रत खराब निघाली तरी दुसरीवर भागतं आणि माणसाला पत्ताही लागत नाही. दोन्ही खराब निघाल्या तर मात्र प्रत्येक हालचालीला धागा थोडाथोडा उसवत जातो.

दोन्ही खराब मिळणं तसं दुर्मीळच. पण या भागात मामाची मुलगी करण्याची रीत. शर्वरीची सासू सुवर्णाबाई ही तिच्या वडिलांची सख्खी बहीण. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तरी शर्वरी तिला आत्याच म्हणे. आजोबांच्या घरातली एक खराब प्रत लेकामार्फत शर्वरीकडे आली आणि लेकीमार्फत शर्वरीचा नवरा ऋतुराज याच्याकडे, आणि यशोधनमध्ये दोन्ही प्रतींची गाठ पडली. आत्या मात्र येईल त्याला सांगे, "आमच्यात न्हाई असलं काय. हे तिच्या म्हायेरचं." ते माहेर आत्याचंही होतं, हे तिला सांगायची कुणाची छाती नव्हती.

यशोधन पोटात असतानाच हे कळू शकलं असतं. बोटातल्या थेंबभर रक्तावरून घरबसल्या सगळं सांगणारं साधन तेव्हा मिळत होतं. त्या थेंबाला सांधणीबद्दलही विचारता आलं असतं. या घरात त्याला एकच प्रश्न विचारला गेला, ज्याला कायद्याने बंदी होती. यशोधनच्या आधी दोन वेळा त्याचं उत्तर नको ते आलं होतं. दोन्ही वेळा शर्वरीला सीमेपलीकडच्या एका गावात नेऊन आणलं होतं. नंतर यशोधन झाला, पेढे वाटले गेले, आणि पहिलटकरीण म्हणून तिची ओटी भरली गेली.

*

मिरजेच्या स्नायुकेंद्रात डॉ. नाझनीन मुजावर जागरचा विभाग सांभाळत. यशोधनच्या मांडीतला केसभर स्नायू त्यांनी तपासायला काढून घेतला होता, आजार किती पुढे गेलाय ते बघायला. नंतर त्यांचा शर्वरीला फोन आला. येताना एकट्या या, असं त्या म्हणाल्या.

"ताई, यशोधनच्या आधी तुम्हाला दिवस गेले होते?"

शर्वरीची मान नाही म्हणून हलली. हा प्रश्न आला की ती आपसूकच हलत असे.

डॉक्टरांनी भिंतीवर एक चित्र लावलं. लांबट धागा आणि त्याच्या कडेने निळ्या ठिपक्यांची रांग.

"हा तुमच्या मुलाच्या मांडीचा एक धागा. स्नायूचं गणितच वेगळं असतं बघा. बाकी शरीरात बहुतेक ठिकाणी एका पेशीत एक केंद्रक. इथं शेकडो पेशी मधल्या भिंती पाडून एकत्र राहतात, मोठ्या खटल्यासारख्या. हे निळे ठिपके म्हणजे केंद्रकं. प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यापुरती सांधणी बनवतो. यशोधनची केंद्रकं ती बनवू शकत नाहीत. पण घरात चारदोन कमावती माणसं आली तरी सगळ्यांचं भागतं. तसंच इथं."

"ती कुठनं येणार? त्याला थोरलं कुणी नाही."

"मलाही असंच वाटत होतं," डॉक्टर म्हणाल्या. चित्रातले दोन ठिपके पिवळे झाले आणि त्यांच्या पलीकडचा एक हिरवा. "हे पिवळे यशोधनचे नाहीत. मुलीचे आहेत. हिरवा तोही मुलीचा, पण वेगळ्या मुलीचा. दोघी सख्ख्या बहिणी. आईबाप तुम्हीच."

शर्वरी त्या ठिपक्यांकडे बघत राहिली. त्यांचे चेहरे कसे असतील याचा विचार तिने कधी करू दिला नव्हता स्वतःला. आता ते समोर होते आणि त्यांना चेहरे नव्हते. तिला रडू आलं नाही, नुसती लाज वाटली, अंगावरचं कुणी ओढून घ्यावं तशी.

"आजारी आहेत का त्या?" तिने विचारलं. तोंडातून 'आहेत' निघून गेलं.

"नाहीत. हिरवीकडे एक प्रत चांगली आहे, पिवळीकडे दोन्ही. दोघींनाही हा आजार झाला नसता." डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "आता मी विचारते ते नीट ऐका. त्या किती महिन्यांच्या होत्या?"

"ते कशाला लागतं?"

"पोटात असताना पेशीला रोज नवा निरोप मिळत असतो. अडीच महिन्यांच्या पेशीला जी हाक कळते ती पाचव्या महिन्यातल्या पेशीला कळत नाही. जागरचं औषध म्हणजे ती हाक. आम्ही तिला किल्ली म्हणतो. पेशी कुणाची हे आम्हाला बघून सांगता येतं. ती किती वयाची असताना थांबली, ते फक्त आईला माहीत असतं. किल्ली चुकली तर ती नुसती झोपून राहणार नाही. बिथरेल, वाढतच जाईल. मग त्याच्या अंगभर गाठी होतील आणि मला त्या थांबवता येणार नाहीत."

शर्वरी पुन्हा त्या ठिपक्यांकडे वळली.

"आणखी एक. तुम्ही बोलायच्या आधी सांगते, नंतर फसवलं असं व्हायला नको. आपोआप गेल्या असतील तर काही प्रश्न नाही. तसं नसेल तर मला ते वर कळवावं लागतं. त्याला मुदत नाही. वीस वर्षांपूर्वीचं असलं तरी."

"त्याच्याकडे किती दिवस आहेत?"

"श्वासाचे स्नायू दमलेत त्याचे. पुढचा हिवाळा मी धरत नाही, ताई."

"घरी विचारून सांगते," शर्वरी म्हणाली. आजवरची सगळी महत्त्वाची उत्तरं तिने अशीच दिली होती.

*

घरी बेदाण्याच्या शेडवर माल निवडायचं काम चाललं होतं. तिथल्या बायकांना लांब पाठवून आत्याने सगळं ऐकून घेतलं. पोराला उपाय निघालाय म्हटल्यावर तिने आधी देवाला हात जोडले. मग तिच्या लक्षात पुढचं आलं.

"आपसूक गेली म्हणायचं," आत्या म्हणाली. "दोनदा गेली. दुसऱ्या-तिसऱ्या म्हयन्यात. बायकांचं जातच की तवा. कुणी इच्यारत न्हाई."

"पण आत्या, तसं नव्हतं ते. किल्ली चुकली तर..."

"डाक्टर लोकं दहाचं शंभर करून सांगत्यात. दोन म्हयन्याच्या फरकानं काय हुतंय? पेरणी चार दिस पुढंमागं झाली म्हणून काय शाळू उगवायचा ऱ्हातो?"

ऋतुराज खांबाला टेकून उभा होता. तो वाईट माणूस नव्हता. पोराला उचलून न्हाणीत न्यायचा, त्याचे पाय चोळायचा, आणि शेडमागे जाऊन रडायचा, हे शर्वरीने पाहिलं होतं. पण आईसमोर त्याचा आवाज फुटत नसे.

"आत गेलो तर शेड कोण बघणार?" तो म्हणाला. मग बायकोकडे न बघता हळूच बोलला, "आणि यशूला काय वाटंल गं?"

हेच तर होतं. तुरुंगाचं शर्वरीला फार वाटत नव्हतं. यशोधन आपल्याकडे कसा बघेल, याची तिला भीती होती. खुर्चीत बसून तो दिवसभर तिच्याशी गप्पा मारी, तिची टिंगल करी. जगात तिच्याशी बरोबरीने बोलणारा तो एकटाच होता. तो गप्प झाला तर या घरात उरतं काय?

तिघंही मिरजेला गेली. आत्याने डॉक्टरांना सगळं नीट पटवून सांगितलं. पहिलं दुसऱ्या महिन्यात पडलं, दुसरं तिसऱ्या महिन्यात, पोरीच्या अंगात रक्तच नव्हतं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि त्या शर्वरीकडे वळल्या.

"ताई, असंच ना?"

शर्वरीने खाली बघत मान हलवली. या वेळी हो म्हणून.

यशोधनला त्यांनी हेच सांगितलं. तो खूश झाला. "म्हणजे मी तिसरा? आणि आजपर्यंत सगळ्यांनी मला थोरला म्हणून शहाणपण शिकवलं? आई, मी शेंडेफळ आहे. आता माझे लाड पाहिजेत." तो तिला तसं चिडवत राहिला. तिला वाटलं, सांगू उद्या. उद्या सांगू. किल्ल्या तयार झाल्या असल्याचा निरोप आला तरी तिचा उद्या उगवला नव्हता.

*

जागरच्या खोलीत फारसं काही नव्हतं. एक पलंग, डोक्याशी यंत्र, आणि दोन छोट्या पिचकाऱ्या, एकीवर पिवळी पट्टी, एकीवर हिरवी. यशोधनच्या दंडाला बारीक नळी जोडलेली होती. खिडकीजवळ आत्या बसली होती, तिच्या मागे ऋतुराज. शर्वरी पायथ्याशी उभी होती आणि तिने पोराचा अंगठा हातात धरला होता.

"दुखेल का?" यशोधनने विचारलं.

"नाही. दोनचार दिवस ताप येईल. पेशी उठल्या की अंग कुरकुर करतं." डॉक्टरांनी पिवळी पिचकारी उचलली. "पहिलीपासून सुरू करू. दोन महिन्यांची."

दोन महिन्यांची नव्हती ती. शर्वरीला माहेरचं माजघर आठवलं. पहिल्या खेपेला तिने सासरी कळूच दिलं नव्हतं. आईच्या आजारपणाचं निमित्त करून ती माहेरी राहिली, सैल कपडे घातले, आणि मनात हिशेब धरला की पाचवा सरला की कुणी हात लावायला धजणार नाही. साडेचार महिने तिने तिला लपवून ठेवलं होतं. उभ्या जन्मात तिने केलेलं तेवढंच एक धाडस. मग आत्या आजारी भावजयीला बघायच्या निमित्ताने आली आणि तिच्या चालण्यावरून ओळखलं.

डॉक्टरांनी पिचकारी नळीच्या तोंडाला लावली.

"थांबा," शर्वरी म्हणाली.

तिचा आवाज इतका बारीक निघाला की कुणाला ऐकू गेला नाही. डॉक्टरांचा अंगठा पिचकारीवर आला. शर्वरी पलंगाला वळसा घालून धावली आणि तिने त्यांचं मनगट धरलं.

"ती साडेचार महिन्यांची होती. दुसरीचे पाच भरलेले. हलत होती ती."

डॉक्टरांनी पिचकारी काढून ट्रेमध्ये ठेवली.

"शर्वे," आत्या म्हणाली. "काय बोलतीयास तू?"

"आपोआप गेल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

एवढंच. ऋतुराजने भिंतीकडे तोंड केलं. आत्या पदराने चेहरा पुसत राहिली, जणू फार उकडतंय. यशोधन आईकडे बघत होता. ज्या नजरेची तिला भीती होती ती ही नव्हती. ही नजर अनोळखी माणसाकडे बघतात तशी होती, आणि ते जास्त वाईट होतं.

"किल्ल्या नव्याने कराव्या लागतील," डॉक्टर म्हणाल्या. "आणि ताई, तुम्हाला माहीत आहे, मला कळवावं लागेल."

"कळवा."

"करू नका नवीन किल्ल्या," यशोधन म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"मोठ्या भावंडाची परवानगी लागते ना? मग यांची कुणी घेतली?"

"न जन्मलेल्यांच्या परवानगीबद्दल कायद्यात काही नाही," डॉक्टर हळू म्हणाल्या.

"कायद्यात नसेल. माझ्यात आहे." त्याला दम लागत होता, तरी तो थांबला नाही. "मी यावा म्हणून दोघींना काढलं. मी आलो तो असला. आणि आता परत त्यांनाच उठवून म्हणायचं, याला चालवा? मला नाही चालायचं तसं. मी असाच बरा आहे."

"येड्यागत बोलू नगंस," आत्या म्हणाली.

"तू बोलू नकोस, आजी."

आत्याला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. ती खरंच गप्प बसली.

शर्वरी पलंगाच्या कडेला टेकली. समजावायचं कसं हे तिला माहीत नव्हतं. तिला आजवर फक्त समजावून घेण्याची सवय होती.

"मला माफ कर असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "ते तुझ्या हातात नाही, ज्यांच्या हातात होतं त्यांना मी घालवलं. न्यायला आले तेव्हा मी ओरडले नाही, यशू. गाडीत मुकाट बसले. दोन्ही वेळा." तिने त्याच्या मांडीवर हात ठेवला. "पण एक सांगते. मला वाटायचं त्या कुठंच नाहीत. त्यांना माती नाही, नाव नाही, काहीच नाही. आणि डॉक्टरांनी दाखवलं की त्या आहेत. तुझ्या मांडीत आहेत. एवढी वर्षं जगात त्यांना एकच घर मिळालंय, ते तू आहेस. तू गेलास की त्याही जातील. मी एकदा घालवल्यात त्या, परत घालवायला लावू नकोस."

डोळ्यांतलं पाणी पुसायला यशोधनचा हात वर येईना. शर्वरीने पुसलं, आणि त्याने तोंड वळवलं नाही.

"करा नवीन किल्ल्या," तो म्हणाला.

*

ताप आला, अंग कुरकुरलं, आणि डॉक्टर म्हणाल्या तसंच होत गेलं. जाग्या झालेल्या पेशी धाग्याधाग्यांत शिरल्या, भिंती पाडून आत राहायला गेल्या आणि सांधणी बनवू लागल्या. उन्हाळा संपता संपता श्वासाचं यंत्र अडगळीत गेलं. श्रावणात तो काठीने उभा राहिला. नवरात्रात काठी सुटली.

इकडे डॉक्टरांनी कळवलं होतं. ऋतुराजला तालुक्याला हेलपाटे पडू लागले. सीमेपलीकडचा तो दवाखाना केव्हाच बंद झाला होता, तिथला माणूस मरून गेला होता. खटला उभा राहायचा तेव्हा राहणार होता. पण गोष्ट गावभर झाली, आणि शर्वरी लोकांच्या थुंकण्याची वाट बघत बसली. कुणी थुंकलं नाही. लोक नारळ घेऊन यशोधनला बघायला आले. त्याला उभं राहायला लावत, चालायला लावत, आणि डोळे पुसून जात. साडेचार आणि पाच हे आकडे शर्वरीने एका बंद खोलीत, जीव मुठीत धरून उच्चारले होते. आता ते अख्ख्या पंचक्रोशीला पाठ होते.

भाऊबीजेला ऋतुराजची थोरली बहीण अमृता जतहून आली. बरोबर तिची सून मनवा, पोटुशी. अमृताला खरं तर आपल्या भावाचीच मुलगी सून करायची होती, रीतीप्रमाणे. भावाला मुलगीच नाही म्हणून तिने चुलत मामाची आणली होती, असं ती नेहमी बोलून दाखवी. आज बोलली नाही.

ऋतुराजला ओवाळून झाल्यावर यशोधन पाटावर येऊन बसला. मांडी घालून, कुणाचा हात न धरता. दरवर्षी त्याला अमृता ओवाळी, बहीण नाही म्हणून. तिने तबक उचललं तसा तो म्हणाला, "अमृतात्या, मला दे ते."

"अरे, तुला ओवाळायचंय."

"त्याच ओवाळतील."

त्याने तबक उजव्या हातात घेतलं. गेल्या दिवाळीला त्या हाताला पाण्याचा पेला पेलत नव्हता. निरांजन न हलू देता त्याने ते स्वतःभोवती तीनदा फिरवलं, खाली ठेवलं, आणि खिशातून काढलेले दोन खण त्यात घातले, एक पिवळा, एक हिरवा. शर्वरीला तिथे थांबवेना. ती स्वयंपाकघरात गेली.

मागोमाग आत्या आली. तिचे डोळे ओले होते आणि ती खरंच सुखावली होती. ओट्याला टेकून ती म्हणाली, "बघ शर्वे. पोरी वाया न्हाई गेल्या."

शर्वरीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तेवढ्यात अमृता सुनेला घेऊन आत आली. तिने दार लोटून घेतलं.

"शरू, तुला एक विचारायचं होतं. मनवाला मुलगी आहे. बघितलं आम्ही." ती घाईघाईने बोलत होती, डॉक्टरकडे दुखणं सांगावं तशी. "सांधणीची एकेक प्रत नवराबायको दोघांचीही खराब आहे. उद्या मुलगा झाला आणि तसला निघाला तर?"

"तपासणी असते, अमृताताई. आधीच कळतं."

"तपासणी एका दुखण्याची असते गं. दुखणी काय एक आहेत? ही अंगात मुक्कामाला असली की जन्माची बेगमी. आमच्याकडं सगळे तेच म्हणायला लागलेत, आधी एक मुलगी राहिली की ते बरंच. पोटात ठेवायची, आणि मग..." तिने सुनेकडे पाहिलं नाही. "किती महिने ठेवली म्हणजे पुरतं?"

शर्वरीने आत्याकडे पाहिलं. आत्या उत्तराची वाट बघत होती. मनवा दाराला पाठ लावून उभी होती, तेवीस-चोवीस वर्षांची, अंगावर सैल कपडे.

"नऊ," शर्वरी म्हणाली. "पूर्ण नऊ महिने. आणि मग तिला वाढवायची."

"असं काय बोलतेस? तुझं तर साडेचारात आणि पाचात झालं की." अमृता चिडली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "त्यातली जास्त लागू कुठली पडली गं? साडेचारची की पाचची?"

खोटं आहे, असं शर्वरीला म्हणायचं होतं. पण ते खोटं नव्हतं, ते तिनेच सांगितलं होतं. आणि बाहेरून त्याचा पुरावा चालत येत होता. दार ढकलून यशोधन आत आला, ताठ, स्वतःच्या पायांवर, आणि म्हणाला, "आई, भूक लागलीय."

मनवा बाजूला सरकली. तिची नजर त्याच्या पायांवरून हलत नव्हती आणि दोन्ही हात तिने पोटावर घट्ट धरले होते.